बावन्न पत्ते आणि दोनशे चाळीस रद्दी कागद

सोमवारी सकाळी साडेअकराला गुरुजींचा फोन आला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. "भाऊ, पोरं विचारायलीत, हे अर्धं अक्षर कशाचं हाय म्हणून. मी काय सांगू त्यांना?"

मी फाइल उघडली. पहिल्या पानावर जिथं 52 पत्त्यांचा तक्ता होता, तिथं आकडे जागच्या जागी होते. पण 7 च्या पुढं बदाम नव्हता, 10 च्या पुढं इस्पिक नव्हतं. त्या जागी कुठं अर्धा य, कुठं तुटकी वेलांटी, कुठं नुसता काना. बावन्नच्या बावन्न. 120 मुलांच्या हातात असे दोन-दोन कागद होते आणि चाचणी सुरू होऊन अर्धा तास झाला होता.

सेलूत माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे आमची सुगी. पूर्वपरीक्षा, सराव चाचण्या, प्रयोगवह्या, सगळं एकदमच येतं. हे गुरुजी जवळच्याच एका गावातल्या हायस्कूलवर दहावीला गणित शिकवतात. दर वर्षी त्यांचं काम माझ्याकडंच असतं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळं टाइप करायला त्रास नाही. ह्या वेळचा विषय होता संभाव्यता. 52 पत्त्यांचा कॅट पिसून एक पत्ता काढला तर तो बदामाचा असण्याची संभाव्यता किती, लाल चित्रयुक्त पत्ता असण्याची किती, असे नेहमीचे प्रश्न.

गुरुजींनी मात्र एक जादा गोष्ट केली होती. प्रश्नांच्या आधी अख्ख्या कॅटचा तक्ता काढला होता. चार ओळी, प्रत्येकीत तेरा घरं, आणि प्रत्येक घरात आकडा आणि चिन्ह, लाल-निळ्या पेनानं रंगवलेलं. मी म्हटलं, "गुरुजी, एवढं कशाला? बदाम, चौकट, किलवर, इस्पिक असं लिहू की शब्दात."

ते म्हणाले, "अहो, आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरींनी कॅट हातात धरला नाही कधी. घरात पत्ते म्हणजे जुगार. पारावर पत्ते कुटणारे असतात, त्यांच्याकडं बघू सुद्धा देत नाहीत. अन् प्रश्नात एकदम विचारायचं, चित्रयुक्त पत्ते किती? चित्र कुठंय? किलवर लाल असतं का काळं, हेच ज्या पोरीला माहीत नाही, तिनं 26 कुठून आणायचे?"

बरोबर होतं ते. बदाम सात आणि मेंढीकोट खेळत मोठ्या झालेल्या पोराला हा प्रश्न फुकटचे मार्क आहे. ज्यानं खेळलंच नाही, त्याला गणित येत असूनही अडकायला होतं. म्हणजे ह्या कामात ती चार चिन्हं शोभेची नव्हती. अर्धा धडा त्यांच्यातच होता, आणि मी नेमकी तीच घालवली.

चिन्ह गेलं कुठं

शनिवारी मी काम केलं ते जुन्या सवयीनं, पेजमेकर ह्या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. आमच्या धंद्यातल्या कित्येकांचे हात अजून तिथंच बसलेत. मराठीचा जुना फॉन्ट, जुना कळफलक, डोळे मिटून बोटं चालतात. पत्त्यांची चिन्हं आणायची जुनी युक्ती मला ठाऊक होती. 'सिम्बॉल' नावाचा फॉन्ट घ्यायचा आणि ऑल्ट दाबून उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवर 0167 मारलं की किलवर, 0168 ला चौकट, 0169 ला बदाम, 0170 ला इस्पिक. एक ओळ नीट केली, बाकीच्या चिकटवल्या. प्रूफ काढलं, गुरुजींनी बसून तपासलं, एक काना तेवढा दुरुस्त केला आणि सही केली.

रविवारी संध्याकाळी गुरुजींचा फोन आला की आणखी एक प्रश्न घाला, एकोणिसावा. घातला. तीन ओळी पाचव्या पानावर गेल्या. दोन कागद, दोन्ही बाजू, म्हणजे चारच पानं ठरलेली. मग ह्या धंद्यातला प्रत्येक जण करतो तेच मी केलं. सगळा मजकूर निवडला आणि त्याच घराण्यातला अरुंद फॉन्ट लावला. चार पानांत बसलं. रात्रीचे दहा वाजले होते. 120 प्रती काढल्या, गठ्ठा बांधला, सकाळच्या एसटीनं पाठवून दिला.

जुन्या फॉन्टची गोम तिथंच आहे. त्या जमान्यात एका फॉन्टमध्ये 256 घरं असायची आणि कॉम्प्युटर फक्त घराचा नंबर लक्षात ठेवायचा. 169 म्हणजे काय? सिम्बॉल फॉन्ट लावला असेल तर बदाम. साधा इंग्रजी फॉन्ट लावला तर ©. आणि आमचा मराठी फॉन्ट लावला तर त्या घरात बनवणाऱ्यानं जो तुकडा ठेवला असेल तो, कुठं रफार, कुठं अर्धा य. फाइलमध्ये बदाम कधी नव्हताच. होता तो नुसता 169, बदामाचं सोंग घेतलेला. मी सगळ्यांना एकच अरुंद फॉन्ट घातला आणि सोंग उतरलं.

मराठी टायपिंग करणाऱ्याला हे नवीन नसावं, म्हणून तर जास्त लाज वाटली. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, हे आम्ही गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं समजावत आलो. "तुमच्याकडं फॉन्ट नाही, म्हणून असं दिसायलंय." सगळा मराठी मजकूर असाच सोंगाचा होता, हे माहीत असूनही त्या बावन्न चिन्हांच्या बाबतीत डोक्यात आलं नाही.

आणि नजरेला का पडलं नाही, ह्याचाही मी नंतर विचार केला. समजा तिथं § किंवा © आलं असतं, तर डोळ्यात खुपलं असतं. पण मराठी पानावर मराठी अक्षराचा तुकडा मिसळून जातो. लांबून बघितलं तर पान भरलेलं, तक्ता सरळ, ओळी सारख्या. प्रूफ तर तपासलेलंच होतं, फक्त ते शेवटच्या बदलाच्या आधीचं.

पुतण्याचा बदाम

सोमवारी दुपारी पुन्हा बसलो. गुरुजींनी चाचणी मंगळवारवर ढकलली होती. ह्या वेळी ठरवलं की सगळं युनिकोडमध्ये, वर्डमध्ये. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला स्वतःचा कायमचा नंबर असतो, फॉन्ट कोणताही लावा. इस्पिक म्हणजे इस्पिकच. लावलेल्या फॉन्टमध्ये ते नसेल तर वर्ड दुसऱ्या एखाद्या फॉन्टमधून आणून दाखवतं. आकार थोडा बदलेल, पण इस्पिकचा अर्धा य होणार नाही.

मजकूर मी टाइप करायला घेतला आणि तक्ता पुतण्याकडं दिला. त्यानं मोबाइल काढला, व्हॉट्सॲपमधून चिन्हं स्वतःलाच पाठवली, दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडली आणि तिथून उचलून वर्डमध्ये टाकली. पाच मिनिटांत तक्ता तयार. "झालं काका, काय एवढं!"

झालं नव्हतं. एक तर बदामाच्या ओळीची उंची बाकीच्या ओळींपेक्षा जास्त झाली होती. दुसरं, किलवर-इस्पिक पत्त्यासारखे दिसत होते आणि बदाम मात्र गुबगुबीत, प्रेमपत्रातल्यासारखा. मी त्या बदामाच्या लगेच उजवीकडं कर्सर ठेवला आणि ऑल्ट-एक्स दाबलं. ही वर्डमधली फार कामाची सोय आहे. चिन्हाच्या लगेच उजवीकडं कर्सर ठेवून दाबलं की चिन्हाच्या जागी त्याचा नंबर दिसतो, पुन्हा दाबलं की चिन्ह परत. थोडं खोडल्यावर नंबर दिसला 2764. पत्त्यातला बदाम आहे 2665.

म्हणजे दिसायला दोन्ही बदाम, पण कॉम्प्युटरच्या लेखी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. मोबाइलवर पहिल्यांदा हाताशी येतो तो 2764, प्रेमाचा. पत्त्यातला बदाम दुसरीकडं, बाकी तीन भावंडांच्या शेजारी असतो. शोधून बदलायचं म्हटलं तरी एक शोधताना दुसरा सापडत नाही. शिवाय मोबाइलवरून आलेल्या चिन्हाच्या मागं बहुतेक वेळा एक न दिसणारं शेपूट असतं, नंबर एफई0एफ, 'हे रंगीत इमोजी म्हणून दाखवा' असं सांगणारं. त्याच्यामुळं इमोजीचा फॉन्ट लागतो आणि ओळ फुगते. मी पुतण्याचा तक्ता ठेवला, पण चिन्हं सगळी खोडून टाकली.

मग म्हटलं, वर्डच्या 'इन्सर्ट सिम्बॉल'मधूनच नीट घे. तो नावं वाचत बसला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "काका, ह्यात लाल बदाम नाहीच. ब्लॅक हार्ट हाय अन् व्हाइट हार्ट हाय."

हे ऐकून मीही थांबलो. युनिकोडच्या यादीत भरीव बदामाचं नाव खरंच काळा बदाम आहे, 'ब्लॅक हार्ट सूट', आणि पोकळ बदाम म्हणजे पांढरा. ते रंगाबद्दल बोलतच नाहीत. भरलेलं ते काळं, रिकामं ते पांढरं, छापखान्याच्या हिशोबानं. रंग देणं टाइप करणाऱ्याचं काम. गणिताच्या गुरुजींना हे सांगितलं असतं तर त्यांनी कपाळाला हात लावला असता, कारण त्यांच्याकडं काळा बदाम म्हणजे अशक्य घटना, संभाव्यता शून्य.

कळफलकावरून चिन्ह आणायचे मार्ग

यादीतून एकेक चिन्ह उचलण्यात बावन्नदा वेळ जातो. हातानं टाइप करायचे दोन मार्ग मी नेहमी वापरतो.

पहिला जुना. कळफलक इंग्रजीवर आणायचा, नम-लॉक चालू ठेवायचा, ऑल्ट दाबून धरायचा आणि उजवीकडच्या पट्टीवर 3 मारून ऑल्ट सोडायचा. ♥ येतो. 4 ला ♦, 5 ला ♣, 6 ला ♠. हे नंबर 1981 सालचे आहेत. आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्याच्या 256 अक्षरांच्या तक्त्यात 3 ते 6 ह्या घरांत पत्त्यांची चार चिन्हं बसवली होती. बँकेत, कचेरीत चालणार असलेल्या यंत्रात बदाम-चौकट! ज्यानं बसवली त्याला माझा नमस्कार. अडचण एकच. वरच्या ओळीतले आकडे चालत नाहीत, उजवीकडची पट्टीच लागते, आणि दुकानातल्या लॅपटॉपला ती नाही.

दुसरा मार्ग म्हणजे नंबर आणि ऑल्ट-एक्स. वर्डमध्ये 2660 टाइप करायचं, अंक इंग्रजी पद्धतीचेच, आणि लगेच ऑल्ट-एक्स. ♠ हजर. लिबरऑफिसमध्येही हेच चालतं. गूगल डॉक्समध्ये 'इन्सर्ट'मधून 'स्पेशल कॅरेक्टर्स' उघडायचं. तिथं एक रिकामी चौकट असते, तिच्यात माउसनं वेडंवाकडं इस्पिक काढलं तरी ते ओळखून समोर ठेवतं. पुतण्याला हे फार आवडलं. कामाला मात्र ऑल्ट-एक्सच बरं.

त्यातही एक फसगत आहे आणि ती पत्त्यांच्या कामातच होते. तक्त्यात आधी दश्शी घेतली. आधी 10 टाइप केलं, त्याला चिकटून 2660, ऑल्ट-एक्स. इस्पिक आलं नाही, 10 सुद्धा गायब, आणि एक रिकामा डबा उभा राहिला. दोनदा केलं, दोनदा डबा. मग उजेड पडला. वर्डला कुठं माहीत की 10 हा पत्त्याचा आकडा आहे? त्यानं 102660 हा सगळाच नंबर धरला, आणि त्या नंबरावर कोणतंच ठरलेलं चिन्ह नाही. उपाय सोपा आहे. फक्त 2660 तेवढं निवडायचं आणि मग ऑल्ट-एक्स दाबायचं. किंवा चिन्ह आधी आणायचं, आकडा नंतर कर्सर मागं नेऊन लिहायचा. त्या दुपारी मी दुसरं केलं.

बाकीच्या प्रश्नांतली चिन्हं मात्र मी एकेक टाइप केली नाहीत. मजकुरात जिथं बदाम हवा तिथं #ब लिहिलं, इस्पिकला #इ, चौकटीला #चौ, किलवरला #कि. सगळं टाइप झाल्यावर 'फाइंड-रिप्लेस' उघडलं आणि चार फेऱ्यांत चारही बदलली. # अशासाठी की मराठी मजकुरात ते दुसरीकडं कुठं येत नाही, त्यामुळं चुकून भलतं काही बदलत नाही. रिप्लेसच्या चौकटीत 'मोअर' उघडून रंगही तिथंच देता येतो, म्हणजे बदाम बदलताना तो लालच होऊन येतो. मी बदाम-चौकट लाल केले. पडद्यावर तक्ता असा खुलून दिसला की मीच खूष झालो.

लाल रंग झेरॉक्समध्ये

ती खुशी पहिली प्रत निघेपर्यंत टिकली. आमचा प्रिंटर काळा-पांढरा. त्यानं लाल बदाम राखाडी छापला. त्या पानाची झेरॉक्स काढली तर राखाडीचे ठिपके झाले, आणि शाळेत त्या झेरॉक्सची आणखी झेरॉक्स निघाली असती तर बदाम पानावरून उठलाच असता. रंग काढून सगळं काळं केलं तर? मग ♥ काळा आणि ♠ पण काळा. ज्या मुलीला लाल कोणते हेच माहीत नाही, तिला काळा बदाम दाखवून 'लाल पत्ते किती' विचारायचं, म्हणजे गुरुजींच्या तक्त्याचा हेतूच मेला. 120 रंगीत प्रती काढायच्या तर खर्च माझ्या खिशातून, आणि 240 कागद आधीच गेलेले.

मी वर्डची चिन्हांची यादी पुन्हा उघडली, ह्या वेळी नंबरांच्या क्रमानं. तिथं आठ चिन्हं ओळीनं बसलीत, 2660 पासून 2667 पर्यंत:

♠ ♡ ♢ ♣ ♤ ♥ ♦ ♧

पहिली चार बघा. भरीव इस्पिक, पोकळ बदाम, पोकळ चौकट, भरीव किलवर. काळे ते भरीव, लाल ते पोकळ. मला जे हवं होतं ते यादीत आधीच, लागोपाठ, त्याच क्रमानं मांडलेलं होतं. ज्यांना एकाच शाईत लाल-काळं वेगळं दाखवायचं आहे, त्यांच्यासाठीच ती ओळ लावलीय असं त्या क्षणी वाटलं.

तक्त्यात 2661 आणि 2662 घातले, म्हणजे ♡ आणि ♢. रंग सगळीकडं काळा. तक्त्याच्या डोक्यावर एक ओळ टाकली: "पोकळ चिन्ह म्हणजे लाल पत्ता, भरीव चिन्ह म्हणजे काळा पत्ता." गुरुजींना फोनवर विचारलं. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "चालतंय. उलट बरंच हाय, झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी पोकळ ते पोकळच राहील."

आता इथं फॉन्टनं पुन्हा नखरा केला, पण ह्या वेळी समजण्यासारखा. भरीव इस्पिक बारीक आणि पोकळ बदाम थोराड दिसायला लागला. कारण चार भरीव चिन्हं एरियलसारख्या रोजच्या फॉन्टमध्येही असतात, 1981 पासूनची जुनी मंडळी म्हणून. पोकळ चिन्हं त्यात नसतात. वर्ड ती दुसऱ्या फॉन्टमधून आणतं आणि जोड बसत नाही. विंडोजमध्ये 'सेगो यूआय सिम्बॉल' म्हणून फॉन्ट असतो, त्यात आठही आहेत. तक्त्यातली सगळी चिन्हं निवडून तो लावला, आणि चारही ओळी एका मापात आल्या.

प्रश्नांच्या मजकुरात मात्र अजून काहीतरी खटकत होतं. मराठी अक्षरं 14 ची, चिन्हं त्यांच्या शेजारी खुजी. आकाराच्या चौकटीत 14 दिसत होतं, तरीही. हा खास आपल्या लिपीचा भोग आहे. वर्ड देवनागरीचा फॉन्ट आणि आकार एका खात्यात ठेवतं, इंग्रजी आणि असली चिन्हं दुसऱ्या खात्यात. कंट्रोल-डी दाबून फॉन्टची मोठी चौकट उघडली की दोन भाग दिसतात, 'लॅटिन टेक्स्ट' आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'. माझ्या पानावर कॉम्प्लेक्समध्ये 14 होतं आणि लॅटिनमध्ये 11. दोन्हीकडं 14 केलं की भांडण मिटलं. मराठी मजकुरातले इंग्रजी अंक बारके दिसतात, ठळक करायला गेलं की अर्धंच ठळक होतं, ही गाऱ्हाणी घेऊन गिऱ्हाइकं येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं इथंच असतं.

गुरुजी संध्याकाळी स्वतः आले. एसटीनं आले असावेत, पिशवी काखेत. शेजारी बसून त्यांनी बावन्न घरं बोट ठेवून मोजली, तेरा चोक. मग विचारलं, "राजा-राणीची चित्रं नाही का काढता येणार? आख्खा पत्ताच?"

येतो. युनिकोडमध्ये 2010 पासून आख्खे पत्तेसुद्धा अक्षर म्हणून आहेत, एकेका पत्त्याला एकेक नंबर. मी त्यांना इस्पिकचा एक्का काढून दाखवला: 🂡. 14 च्या आकारात तो मुंगीएवढा दिसला. राजा कोण, गुलाम कोण, काही कळेना. शिवाय त्या यादीत गुलाम आणि राणीच्या मधोमध एक घोडेस्वार बसवलाय, काही परदेशी कॅटांत असतो म्हणून. दहावीच्या पोराच्या पुढं तो टाकला तर 12 चित्रयुक्त पत्त्यांचे 16 व्हायचे. गुरुजी म्हणाले, "नको बाबा, राहू दे. शब्दातच लिहा राजा, राणी, गुलाम."

छापायच्या आधी पीडीएफ केली. फॉन्ट तिच्या पोटातच बसतो, त्यामुळं गुरुजींच्या मोबाइलवर जे दिसलं तेच माझ्या पडद्यावर होतं. ह्या वेळी प्रूफ त्या पीडीएफवरच तपासलं आणि तपासल्यावर मी फाइलला हात लावला नाही. तरी गुरुजींना एका प्रश्नाचा क्रम बदलावासा वाटलाच. बदलला, पुन्हा पीडीएफ केली, पुन्हा त्यांना बावन्न घरं मोजायला लावली. ते हसले, पण मोजली.

दुसऱ्या खेपेचे पैसे मी घेतले नाहीत. त्यांनी द्यायचा आग्रह केला नाही, हेही बरंच झालं.

मंगळवारी दुपारी निरोप आला की चाचणी झाली. लाल चित्रयुक्त पत्त्याच्या प्रश्नाला बऱ्याच जणांनी तक्त्यातली ♡ आणि ♢ ची घरं पेन्सिलनं गोल करून सहा मोजले होते, आणि 6 भागिले 52, म्हणजे 3 भागिले 26 लिहिलं होतं. एका पोरानं मात्र उत्तराच्या खाली लिहिलं होतं, "पोकळ पत्ता लाल कसा?" गुरुजींनी त्याला अर्धा मार्क जास्त दिला म्हणे. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

जुन्या फाइलींचं काय, हा प्रश्न राहिलाच. माझ्याकडं मागच्या किती तरी वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोंगाच्या फॉन्टमध्ये पडून आहेत. मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत. पण मध्येच सिम्बॉल फॉन्टमध्ये बसवलेली चिन्हं त्यांना ओळखू येतील ह्याचा भरवसा मी धरत नाही. 169 दिसला की साधन त्याला मराठीचा तुकडा समजून एखादं अक्षर करून ठेवायचं, आणि ते खऱ्या मजकुरात मिसळून जायचं. म्हणून पत्ते, अंशाचं चिन्ह, कोनाचं चिन्ह असलेली पानं मी बदलायच्या आधी कागदावर छापून घेतो आणि बदललेलं पान त्याच्या शेजारी ठेवून बघतो. वेळखाऊ आहे. दिवसाला पाच-सहा पानं होतात.

बुधवारी गुरुजी पुन्हा दुकानात. दोन पानं हातात, लाल-निळ्या पेनानं रंगवलेली. "भाऊ, आता फाशांचं हाय. दोन फासे टाकले तर बेरीज 7 येण्याची संभाव्यता. छत्तीस घरांचा तक्ता काढलाय. ठिपके यायला पाहिजेत बरं का, आकडे नकोत."

फासे त्याच यादीत आहेत, पत्त्यांपासून थोडेच पुढं, 2680 पासून 2685 पर्यंत. मी पाचचा फासा म्हणून 2685 मारलं, ऑल्ट-एक्स दाबलं. ⚅ आला. सहा ठिपके. एकचा फासा 2680 ला आहे, म्हणजे पाच हवे असतील तर 2684 लिहायचं. पुतण्यानं कोऱ्या कागदावर सहा नंबर आणि समोर सहा फासे लिहिले आणि तो कागद पडद्याच्या कडेला चिकटवला.